सर्वांसाठी खुला वर्ग : शक्यता आणि अडचणी

विसाव्या शतकाच्या प्रारंभी हिंदुस्थानी संगीत शिकणे सामान्य माणसाला सोपे नव्हते. उत्तम बंदिशी घराण्यांच्या ताब्यात होत्या. गुरूची मर्जी संपादन करावी, वर्षानुवर्षे त्याच्या घरी राहावे आणि तो देईल तेवढे घ्यावे, अशी रीत होती. ज्याला गुरू लाभला नाही त्याच्यासाठी विद्येचे दार बंदच राहत असे. मुंबईचे वकील पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी हे दार उघडण्याचे काम हाती घेतले. त्यांनी देशभर प्रवास केला, घराणेदार गायकांकडून बंदिशी मिळवल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ या नावाने मराठीत प्रसिद्ध केल्या. एकेकाळी गुरूच्या दारी तिष्ठत मिळवावी लागणारी विद्या आता छापील पानावर आली.

परंतु भातखंडे पुस्तकापाशी थांबले नाहीत. १९२६ साली लखनौ येथे त्यांच्या प्रेरणेने आणि तेथील संगीतप्रेमी मंडळींच्या सहकार्याने मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज तीच संस्था भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय या नावाने ओळखली जाते. बंदिशी पुस्तकात आल्या होत्या, मग महाविद्यालयाची गरज काय होती? उत्तर सोपे आहे. स्वरलिपीतून बंदिशीचा सांगाडा कळतो. पण मींड कशी घ्यावी, सूर कोठे हलला, हे सांगायला ऐकणारा कान समोर असावा लागतो. विद्या उघडी करणे हे एक काम आणि ती शिकणाऱ्यापर्यंत पोचवणे हे दुसरे काम. पहिले झाले म्हणजे दुसरे आपोआप होत नाही.

आज हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर आपल्यासमोर उभा आहे. जगातील नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने हातातल्या मोबाइलवर विनामूल्य मिळू लागली आहेत. हजारो, कधी कधी लाखो विद्यार्थी एकाच वेळी एकाच अभ्यासक्रमात नाव नोंदवतात. या अभ्यासक्रमांनी काय साधते, काय साधत नाही आणि शिक्षण मध्येच सुटलेल्या माणसाला त्यांचा उपयोग कसा करून घेता येईल, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

खुला ऑनलाइन अभ्यासक्रम म्हणजे काय?

इंग्रजीत या अभ्यासक्रमांना ‘मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स’ असे म्हणतात. या नावातील प्रत्येक शब्दाला अर्थ आहे. ‘मॅसिव्ह’ म्हणजे प्रचंड. विद्यार्थिसंख्येला मर्यादा नसते. ‘ओपन’ म्हणजे खुला; प्रवेशासाठी बहुधा वयाची, गुणांची किंवा पूर्वीच्या पदवीची अट नसते आणि शिकण्यासाठी शुल्क नसते. ‘ऑनलाइन’ म्हणजे इंटरनेटवरून चालणारा. ‘कोर्स’ म्हणजे अभ्यासक्रम. सुट्या व्याख्यानांचा तो संग्रह नव्हे. त्याला ठरावीक आरंभ असतो, आठवड्यांची आखणी असते, स्वाध्याय असतात आणि शेवटी परीक्षा असते.

या इंग्रजी नावाची आद्याक्षरे एकत्र करून ‘मूक’ असे संक्षिप्त रूप रूढ झाले आहे. मराठीत मूक या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊकच आहे. हा केवळ उच्चाराचा योगायोग असला तरी तो एक इशारा देतो. ज्या वर्गात शिक्षक बोलतो आणि विद्यार्थ्याचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही, तो वर्ग मराठी अर्थानेही मूकच राहतो. ही गोष्ट आपण पुढे पाहू.

भारत सरकारच्या ‘स्वयं’ या व्यासपीठावरील अभ्यासक्रमाचे चार भाग असतात. पहिला भाग व्याख्यानांच्या चित्रफितींचा. दुसरा भाग वाचनसाहित्याचा, जे उतरवून घेता येते किंवा छापता येते. तिसरा भाग स्वतःची प्रगती तपासण्याच्या चाचण्यांचा. आणि चौथा भाग शंका विचारण्यासाठी असलेल्या चर्चेच्या जागेचा. या चारपैकी शेवटच्या भागाकडे अनेक विद्यार्थ्यांचे दुर्लक्ष होते. वस्तुतः एकट्याने शिकणाऱ्याला त्याचीच गरज सर्वांत अधिक असते.

कल्पनेचा प्रवास

एका शिक्षकाने एकाच वेळी हजारोंना शिकवावे, ही कल्पना इंटरनेटच्या आधीची आहे. १९७५-७६ मध्ये आपल्या देशात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोचवण्याचा प्रयोग झाला. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर उच्च शिक्षणाचे कार्यक्रम सुरू केले. त्याच वर्षी पुण्यात स्थापन झालेल्या ‘बालचित्रवाणी’ने २०१७ मध्ये बंद होईपर्यंत मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार केले. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीदवाक्य. छापील पुस्तके आणि गावोगावची अभ्यासकेंद्रे यांच्या आधाराने नोकरी, शेती किंवा घर सांभाळून शिकणाऱ्या माणसांना त्याने पदवीपर्यंत नेले.

दूरचित्रवाणीच्या शिक्षणात एक मोठी उणीव होती. पडद्यावरचा शिक्षक बोलत असे. विद्यार्थ्याला त्याला प्रश्न विचारता येत नसे. इंटरनेटमुळे ही उणीव दूर होईल, अशी आशा निर्माण झाली. २००८ मध्ये कॅनडातील दोन अध्यापकांनी आपला एक अभ्यासक्रम सर्वांना खुला केला. वर्गात शुल्क भरलेले विद्यार्थी पंचवीसच्या आसपास होते. बाहेरून सामील झालेले दोन हजारांहून अधिक. ‘मूक’ हे नाव याच निमित्ताने तयार झाले.

२०११ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या दोघांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील आपला अभ्यासक्रम विनामूल्य उपलब्ध करून दिला. जगभरातून सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदवली. ही संख्या पाहून शिक्षणक्षेत्र चकित झाले. लगेच पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, ‘कोर्सेरा’, ‘युडॅसिटी’ आणि एमआयटी व हार्वर्ड यांनी मिळून उभारलेले ‘एडएक्स’ ही तीन मोठी व्यासपीठे सुरू झाली. आता महाविद्यालयाच्या इमारतींचे दिवस भरले, असे भाकीत काहींनी केले.

भारतही मागे नव्हता. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ हा प्रकल्प हाती घेतला होता. अभियांत्रिकीची व्याख्याने चित्रित करून सर्वांसाठी खुली करणे हा त्याचा हेतू. २०१४ पासून त्याला परीक्षा आणि प्रमाणपत्र यांची जोड मिळाली. लखनौपासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर असलेल्या आयआयटी कानपूरने ‘कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग’ या संस्थेबरोबर २०१३ मध्ये विकासासाठी मोबाइलचा उपयोग या विषयावर खुला अभ्यासक्रम घेतला. त्यात शंभराहून अधिक देशांतील दोन हजारांवर लोक सहभागी झाले. पुढे ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयं’चे उद्घाटन झाले. शालेय अभ्यासक्रमांपासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांपर्यंतचे शिक्षण एकाच ठिकाणी आणण्याचा हा प्रयत्न होता. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे अभ्यासक्रमही त्यावर आहेत. ज्यांच्या घरी इंटरनेट नाही त्यांच्यासाठी ‘स्वयंप्रभा’ या नावाने दूरचित्रवाणीच्या वाहिन्या सुरू करण्यात आल्या.

आशेची बाजू

या अभ्यासक्रमांचा पहिला गुण म्हणजे त्यांनी भौगोलिक अंतर पुसून टाकले. लहान शहरातील महाविद्यालयात एखाद्या विषयाचा शिक्षकच नसतो, तेथील विद्यार्थी आता त्या विषयाच्या उत्तम अध्यापकाचे व्याख्यान ऐकू शकतो. लखनौ येथील डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम तांत्रिक विद्यापीठाशी उत्तर प्रदेशातील शेकडो महाविद्यालये संलग्न आहेत. या विद्यापीठाने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अशा अभ्यासक्रमांतून जादा श्रेयांक मिळवून ‘ऑनर्स’ पदवी घेण्याची सोय केली. विद्यापीठ अनुदान आयोगानेही ‘स्वयं’वरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीत धरण्यास अनुमती दिली. २०१६ मध्ये त्यांची मर्यादा २० टक्के होती; २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आली.

दुसरा गुण वेळेचा. वर्गातील शिक्षकाला ‘पुन्हा एकदा सांगा’ असे म्हणण्याचा संकोच अनेकांना वाटतो. वय वाढलेल्या विद्यार्थ्याला तर तो अधिकच वाटतो. चित्रफीत मात्र दहा वेळा मागे नेली तरी कंटाळत नाही. दिवसभर दुकानात उभे राहणारा तरुण रात्री शिकू शकतो. मुलांना शाळेत पाठवल्यावर मिळणाऱ्या दोन तासांत गृहिणी आपला अर्धवट राहिलेला अभ्यास हाती घेऊ शकते.

तिसरा गुण असा की, हे अभ्यासक्रम माणसाला त्याची पात्रता विचारत नाहीत. दहावीत नापास झालेल्या माणसालाही विद्यापीठाचे व्याख्यान ऐकण्याची मनाई नाही. ज्याला एकदा शाळेच्या दारातून परत फिरावे लागले आहे, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण मंगोलियाचे आहे. २०१२ मध्ये एमआयटीने विद्युतमंडल या विषयावरील आपला पहिला खुला अभ्यासक्रम घेतला. त्यात उलानबातर शहरातील पंधरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने पैकीच्या पैकी गुण मिळवले. इंटरनेटमुळे जगाच्या कोपऱ्यातील गुणी मुलाला संधी मिळाली, अशी ही कथा सर्वत्र सांगितली गेली. ती खरीही आहे. परंतु तिचा एक भाग बहुधा सांगितला जात नाही. त्या मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे पदवीधर होते. त्यांनी हा अभ्यासक्रम शाळेत आणला आणि अमेरिकेतून एक तरुण संशोधक प्रयोगाचे साहित्य घेऊन मुलांना मदत करण्यासाठी तेथे गेला. मुलगा बुद्धिमान होता, अभ्यासक्रम उत्तम होता आणि त्याच्या शेजारी माणसेही होती.

अडचणींची बाजू

आता त्याच अभ्यासक्रमातील इतरांचे काय झाले ते पाहू. नावे नोंदवणारे सुमारे १,५५,००० होते. उत्तीर्ण झाले ७,१५७. म्हणजे शंभरात पाचांहूनही कमी. स्टॅनफर्डच्या अभ्यासक्रमातील १,६०,००० पैकी सुमारे २३,००० जण शेवटपर्यंत पोचले. २०१९ मध्ये एमआयटीतील दोन संशोधकांनी हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या २०१२ ते २०१८ या काळातील अभ्यासक्रमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी पहिला पाठही उघडला नव्हता. २०१७-१८ या वर्षात अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते.

या आकड्यांकडे थोड्या समंजसपणे पाहिले पाहिजे. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, म्हणून अनेक जण केवळ उत्सुकतेने नोंदवतात. काहींना अभ्यासक्रमातील एकच प्रकरण हवे असते. ते शिकून ते निघून जातात. ग्रंथालयातून आणलेले प्रत्येक पुस्तक आपण शेवटपर्यंत वाचतोच असे नाही. तेव्हा गळती म्हणजे सर्वस्वी अपयश, असा निष्कर्ष काढता येत नाही. परंतु त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली. प्रमाणपत्रासाठी ज्यांनी पैसे भरले होते त्यांच्यापैकी सुमारे ४६ टक्के जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. पैसे आणि निश्चय या दोन्ही गोष्टी ज्यांच्यापाशी होत्या ते टिकले. शिवाय या अभ्यासक्रमांत नाव नोंदवणाऱ्यांची वाढ मुख्यतः श्रीमंत देशांतच झाली होती. सर्वांसाठी मांडलेल्या पंगतीत आधीच जेवून आलेलेच अधिक बसले, असा त्याचा अर्थ होतो.

असे का होते? पहिले कारण साधनांचे. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये, म्हणजे ‘स्वयं’ सुरू झाले त्या सुमारास, देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. शहरात हे प्रमाण ४२ टक्के, तर खेड्यात १५ टक्के होते. खेड्यातील शंभर घरांपैकी जेमतेम चार-पाच घरांत संगणक होता. त्यानंतर मोबाइल आणि इंटरनेट यांचा प्रसार वेगाने झाला आहे. तरीही घरात मोबाइल असणे आणि तो आपल्या हाती असणे यांत फरक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयोगटातील ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. स्त्रियांत हे प्रमाण ३३ टक्के होते. घरातला एकमेव मोबाइल कामावर जाणाऱ्याच्या खिशात जातो, त्या वेळी घरी असलेल्या बाईचा वर्गही त्याच्याबरोबर निघून जातो.

दुसरे कारण भाषेचे. बहुतेक उत्तम अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. एनपीटीईएलच्या अनेक व्याख्यानांची मराठीसह इतर भारतीय भाषांत भाषांतरे झाली आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु पडद्यावरचा फलक इंग्रजीत, बोलणे इंग्रजीत आणि मराठी मजकूर तळाशी धावणारा, अशा तिहेरी कसरतीत विषय हाती लागणे कठीण जाते. विचार ज्या भाषेत चालतो त्या भाषेत शंका विचारता आली पाहिजे. निव्वळ भाषांतराने तेवढे साधत नाही.

तिसरे कारण मूल्यमापनाचे. एका शिक्षकाला लाखभर उत्तरपत्रिका तपासता येत नाहीत. म्हणून पर्यायी उत्तरांचे प्रश्न देऊन तपासणी यंत्रावर सोपवली जाते. गणिताचे उत्तर यंत्राला अचूक तपासता येते; निबंधातील विचाराची खोली तपासणे त्याला तितके जमत नाही. काही व्यासपीठांनी विद्यार्थ्यांनीच एकमेकांचे लेखन तपासावे अशी योजना केली. तिचा लाभ होतो, परंतु जो स्वतःच नवखा आहे त्याच्या शेऱ्यावर किती विसंबावे, हा प्रश्न राहतोच. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने शंकांना तत्काळ उत्तरे देऊ लागली आहेत. त्यांनी काही अडचणी कमी होतील. मात्र उत्तर बरोबर आहे की नाही हे पारखण्याइतके ज्ञान विचारणाऱ्यापाशी असावेच लागते.

चौथे कारण प्रमाणपत्राचे आणि पैशाचे. ‘विनामूल्य’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ‘स्वयं’वर शिकण्यास पैसे पडत नाहीत, परंतु प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. परदेशी व्यासपीठांपैकी काहींनी आरंभी बरेच काही विनामूल्य दिले आणि पुढे प्रमाणपत्रासाठी, मग स्वाध्याय तपासून मिळण्यासाठीही पैसे आकारण्यास सुरुवात केली. विद्यापीठांनी लोककल्याणासाठी उभारलेले ‘एडएक्स’ २०२१ मध्ये एका व्यापारी कंपनीने ८० कोटी डॉलरला विकत घेतले. व्याख्यान चित्रित करणे, यंत्रणा चालवणे आणि परीक्षा घेणे यांना खर्च येतो. तो शासनाने सोसावा, दात्याने सोसावा की विद्यार्थ्याने, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

सोबतीचे महत्त्व

यंत्रापेक्षा माणसाची सोबत अधिक महत्त्वाची ठरते, याचा धडा दोन प्रयोगांतून मिळतो. पहिला प्रयोग अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातला. २०१३ मध्ये तेथील सॅन होजे विद्यापीठाने ‘युडॅसिटी’बरोबर गणिताचे काही प्राथमिक अभ्यासक्रम ऑनलाइन सुरू केले. ज्यांना गणित कठीण जाते, जे आधी नापास झाले आहेत, अशा विद्यार्थ्यांना त्यांचा लाभ व्हावा हा हेतू होता. पहिल्याच सत्रात उत्तीर्णांचे प्रमाण इतके कमी राहिले की, प्रयोग काही काळ थांबवावा लागला. ज्यांना शिक्षकाची सर्वाधिक गरज होती त्यांनाच शिक्षकापासून सर्वांत दूर बसवले गेले होते.

दुसरा प्रयोग आपल्याकडचा. शिक्षण हक्क कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, शाळांत शिकवत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांनी ३१ मार्च २०१९ पर्यंत किमान पात्रता मिळवणे आवश्यक झाले. उत्तर प्रदेश, बिहार यांसारख्या राज्यांत अशा शिक्षकांची संख्या फार मोठी होती. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने त्यांच्यासाठी प्राथमिक शिक्षणाची पदविका सुरू केली आणि तीत देशभरातील तेरा लाखांहून अधिक शिक्षकांनी प्रवेश घेतला. पाठ ‘स्वयं’वर होते, इंटरनेट नसलेल्यांसाठी दूरचित्रवाणी होती, छापील साहित्य होते, आणि जवळच्या अभ्यासकेंद्रावर प्रत्यक्ष भेटीचे वर्गही होते. एवढ्या मोठ्या संख्येला शिकवताना केवळ पडद्यावर विसंबून चालणार नाही, हे या योजनेत गृहीत धरले होते.

या प्रयोगाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. ही पदविका अठरा महिन्यांची होती. नव्या नोकरीसाठी ती नेहमीच्या दोन वर्षांच्या पदविकेइतकी मानावी की नाही, असा वाद निर्माण झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन्ही समतुल्य नाहीत, असा निर्णय २०२३ मध्ये न्यायालयाने दिला. शिकलेले वाया जात नाही हे खरे. परंतु ज्याला त्या कागदाच्या आधारावर पोट भरायचे आहे त्याला त्या कागदाची किंमत आधी ठाऊक असावी लागते.

आयआयटी कानपूरने केलेला एक लहान प्रयोगही येथे आठवतो. बागांमध्ये माळीकाम करणाऱ्यांसाठी, साध्या मोबाइलवर नुसते ऐकता येतील असे पाठ तेथे तयार करण्यात आले. चित्रफीत नाही, संगणक नाही. जे साधन माळ्याच्या खिशात होते, त्यावरच पाठ दिला गेला. शिकणाऱ्याने अभ्यासक्रमापर्यंत चढून यावे, असा आग्रह न धरता अभ्यासक्रम शिकणाऱ्यापर्यंत उतरून आला.

नाव नोंदवण्यापूर्वी

वरील विवेचनावरून खुले ऑनलाइन अभ्यासक्रम निरुपयोगी आहेत, असा अर्थ कोणी काढू नये. ते उपयुक्त आहेत. मात्र ते ज्या गोष्टी देत नाहीत त्यांची तजवीज आपल्याला स्वतः करावी लागते. नाव नोंदवण्यापूर्वी काही प्रश्न स्वतःला विचारावेत.

मला हा अभ्यासक्रम कशासाठी हवा आहे? केवळ ज्ञानासाठी हवा असेल, तर आवडेल तेवढा भाग शिकून थांबण्यात काही गैर नाही. नोकरीसाठी किंवा पुढील प्रवेशासाठी प्रमाणपत्र हवे असेल, तर ते कोण मान्य करते, हे आधी संबंधित कार्यालयात विचारून घ्यावे. तोंडी उत्तरावर समाधान न मानता लेखी नियम पाहावा.

एकूण खर्च किती? परीक्षेचे शुल्क, परीक्षाकेंद्रापर्यंतचा प्रवास आणि इंटरनेटचा खर्च यांची बेरीज करावी. चित्रफितींना डेटा फार लागतो. जेथे जोडणी चांगली असेल तेथे पाठ उतरवून घ्यावेत आणि घरी पाहावेत. वाचनसाहित्याची छापील प्रत काढणे शक्य असेल तर अवश्य काढावी.

रोज कोणती वेळ माझी आहे? ‘सवड मिळेल तेव्हा’ असे ठरवणाऱ्याला सवड क्वचितच मिळते. आठवड्याला चार तास लागणार असतील, तर ते चार तास कोणत्या दिवशी, घरात कोठे आणि कोणाच्या मोबाइलवर, हे घरच्यांशी बोलून ठरवावे. घरच्यांची संमती ही या अभ्यासाची पहिली सोय आहे.

अडल्यास कोणाला विचारीन? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. तोच अभ्यासक्रम घेणारे दोन-तीन जण एकत्र आले तर उत्तम. आठवड्यातून एकदा अभ्यासकेंद्रावर, ग्रंथालयात किंवा कोणाच्या ओसरीवर बसावे. प्रत्येकाने एक भाग दुसऱ्याला समजावून सांगावा. दुसऱ्याला सांगताना आपल्याला काय कळले नाही ते नेमके कळते. अभ्यासक्रमातील चर्चेच्या जागेतही आपली शंका मांडावी. भाषा साधी असली, व्याकरण चुकले, तरी हरकत नाही. मराठीत विचारण्याची सोय असेल तर मराठीतच विचारावे.

आणि अभ्यासक्रम मध्येच सुटला तर? शाळा सुटली तेव्हा जसे वाटले होते तसे वाटून घेऊ नये. हे अभ्यासक्रम बहुधा पुन्हा सुरू होतात; त्यात परत नाव नोंदवता येते. मात्र परत येण्यापूर्वी तो का सुटला, याचे कारण एका ओळीत लिहून ठेवावे. वेळ कमी पडला, भाषा कळली नाही, मोबाइल मिळाला नाही, की कोणी विचारपूस करणारे नव्हते? कारण कळले म्हणजे पुढच्या वेळी तेवढी एकच गोष्ट बदलून पाहता येते.

स्वाध्याय

१. भातखंडे यांनी पुस्तके प्रसिद्ध केल्यावरही संगीत महाविद्यालयाची आवश्यकता का होती, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

२. ‘घरात मोबाइल असणे आणि तो आपल्या हाती असणे यांत फरक आहे’ या विधानाचा अर्थ तुमच्या परिसरातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

३. सॅन होजे येथील प्रयोग आणि शिक्षकांच्या पदविकेचा प्रयोग यांतील फरक सांगा.

४. तुम्हाला शिकावासा वाटणारा एक विषय निवडा. त्यासाठी लागणारा वेळ, खर्च, साधने आणि सोबत यांचा विचार करून आठ आठवड्यांचे नियोजन तयार करा.